डावा बांध

रविवारी आमच्याकडे मटण असे आणि मटणातली नळी रंजूची असे. यावर घरात कधी चर्चा झाल्याचं मला आठवत नाही. सकाळी विहारातली वंदना आटोपून आम्ही धायरीच्या घरी परतायचो, तोवर मागच्या पडवीत चुलीवर पातेलं रटरटत असायचं. आईच्या काळ्या मसाल्याचा वास पार गल्लीच्या तोंडापर्यंत यायचा. ताटं वाढली की आई पळीने तळ ढवळून नळी शोधायची आणि रंजूच्या ताटात टाकायची. मग रंजू ती नळी ताटाच्या काठावर ठक ठक आपटायची. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. "पोर बारीक हाय," आई म्हणायची, आणि माझ्याकडे बघून, "तुला काय गं मंदे, तुझं काय कमी हाय?" माझं काहीच कमी नव्हतं, जास्तच होतं सगळं. एकविसाव्या वर्षी माझं वजन अठ्ठ्याहत्तर किलो होतं आणि रंजूचं सत्तेचाळीस. ती माझी धाकटी बहीण, माझ्याहून तीन वर्षांनी लहान, नाकीडोळी नीटस, आणि तिला सगळं फुकट मिळतं असं माझं ठाम मत होतं. आता पन्नाशी उलटल्यावर हे कोणाला सांगितलं की लोक म्हणतात, बहिणीबहिणींत असायचंच थोडं. थोडं नव्हतं हो. मी जळत होते, आणि चांगली धडधडून जळत होते.

आमचे वडील, आबा, हडपसरला इंजिनं बनवणाऱ्या एका कंपनीत फिटर होते. मग देशाचे दरवाजे उघडले, बाहेरची इंजिनं आली आणि कंपनीने स्वेच्छानिवृत्ती नावाचा प्रकार काढला. त्यातली स्वेच्छा नेमकी कोणाची, हे आबांना शेवटपर्यंत कळलं नाही. पन्नाशीच्या आत धडधाकट माणूस घरी बसला. दिवसभर आईचं शिलाई मशीन खडखडायचं आणि ओट्यावर आबा गप्प बसलेले असायचे. समोर आमचं रान होतं, म्हणजे रानाचा उरलेला तुकडा. त्या तुकड्याची एक गोष्ट आहे, ती इथेच सांगून टाकते. आबांचे थोरले भाऊ, आमचे काका, दरवर्षी नांगरटीच्या वेळी मधला बांध आमच्या अंगाने थोडा थोडा कोरायचे. बांध कोरणं म्हणजे दोन शेतांमधला मातीचा वरंबा गुपचूप खरवडायचा आणि आपलं रान वाढवायचं. चोरी म्हणून बोंब मारावी तर हातभरच जमीन, आणि गप्प बसावं तर दरवर्षी हातभर. आबांनी तंटा केला नाही, कोर्टकचेरी केली नाही. एक दिवस नुसते जाऊन बांधावर उभे राहिले, काकांकडे बघितलं आणि परत आले. त्यानंतर ते काकांशी बोलले नाहीत. एकाच विहारात चार हातांवर बसून मरेपर्यंत बोलले नाहीत. आज तिथे सहा मजली इमारत आहे आणि बांधाच्या जागी लोक स्कूटर लावतात.

अशा दिवसांत लिमये साहेब आमच्या घरी आले. ते बारा वर्षं अमेरिकेत कॉम्प्युटरचं काम करून परतले होते. कोथरूडला त्यांची कंपनी निघाली होती आणि चार मित्र मिळून त्यांनी धरणाच्या मागच्या पाण्यावर एक छोटा क्लब काढला होता. क्लब म्हणजे काय, तर पत्र्याची शेड, लाकडी धक्का आणि एक बोट. बोट जुनी होती. मुंबईच्या कोणा शेठने हौसेने परदेशातून आणवलेली, नंतर हौस फिटल्यावर बंदरात ऊन खात पडलेली. लांब, बुटकी, तपकिरी पट्ट्याची, आणि इंजिन इतर बोटींसारखं मागे लटकवलेलं नाही, तर बरोबर मधोमध पेटीत बसवलेलं. ते इंजिन कोणाला उमजेना, म्हणून कोणीतरी आबांचं नाव सांगितलं. आबांनी पेटीचं झाकण उघडलं, वाकून आतला वास घेतला आणि म्हणाले, "चालंल." इतकं बोलून त्यांनी कित्येक महिन्यांत पहिल्यांदा बाह्या वर केल्या. लिमये साहेब अमेरिकेत राहिले तरी पेठ काही त्यांच्या अंगातून गेली नव्हती. त्यांनी बोटीच्या मागच्या बाकावर एक पाटी ठोकली होती: "ओल्या अंगाने सीटवर बसू नये." जिच्यातून माणसं दिवसभर पाण्यात उड्या मारतात, त्या बोटीत ही पाटी. आम्ही सगळे अर्थातच ओल्या अंगानेच बसायचो.

मी आबांबरोबर जायला लागले, कारण मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला होता आणि मला नोकरी नव्हती. वर्गात चव्वेचाळीस मुलगे आणि मी. मुलाखतीला गेलं की साहेब लोक माझ्या मार्कांकडे बघायचे, मग माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, कळवतो. बोटीने मात्र मला कधी असं वागवलं नाही. तिच्या खोडी मी आठवड्याभरात शिकले. तिचं सुकाणू म्हणजे बोट ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्याच्या मागे असलेलं एक पितळी पातं. पंख्याचं पाणी त्या पात्यावर आपटलं तरच ती वळते, म्हणजे वळायचं असेल तर गॅस द्यायचा. नवशिका माणूस घाबरून गॅस सोडतो, मग स्टिअरिंग कितीही गरागरा फिरवा, बाई सरळ चालल्या. आणि मागे घेताना तर ती कोणाचं ऐकतच नाही, शेपूट डावीकडेच ओढते. "मागं घेताना ती तिचंच खरं करती," आबा म्हणायचे, "आपन ते धरूनच चालायचं." म्हणून धक्का आपल्या डाव्या हाताला ठेवायचा, जरा तिरकं, मुंगीच्या पावलाने यायचं आणि शेवटी एकदाच मागचा गियर टाकायचा. शेपूट आपोआप धक्क्याला येऊन टेकतं. मला हे जमलं. लिमये साहेबांनी तोवर धक्क्याच्या सहा फळ्या मोडल्या होत्या. पंख्याचा दांडा जिथे तळातून बाहेर पडतो तिथे एक ग्लँड असते, दोरीचं पॅकिंग ठासून भरलेली. ती थेंब थेंब गळलीच पाहिजे, त्या पाण्यानेच दांडा थंड राहतो. पण साहेबांना ठिबकणं बघवेना. ठिबकता नळ दिसला की पुण्याच्या माणसाच्या पोटात ढवळतं. एकदा आमच्या अपरोक्ष त्यांनी पाना घेऊन ती ग्लँड गच्च आवळली आणि अर्ध्या तलावात धूर काढला. आबा शांतपणे म्हणाले, "साहेब, थेंब पडू द्या. समदंच आवळून चालत न्हाय." साहेबांनी ते मान्य केलं, पण तोंड असं केलं की जणू पाणी त्यांच्या घरच्या टाकीतलं जातंय.

साहेबांच्या अमेरिकेतल्या मित्रांना एका रुंद फळीला दोन्ही पाय बांधून बोटीमागे उडायचं होतं. त्यासाठी त्यांना बोटीमागे मोठी लाट हवी होती. ते 'वेक' म्हणायचे. आबांना तो शब्द काही पचेना. बोट जाते तेव्हा मागे पाण्याचे दोन वरंबे उठतात, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि मध्ये सपाट पाणी राहतं. आबांनी एकदा वळून नीट बघितलं आणि म्हणाले, "ह्ये तर बांध हायेत." त्या दिवसापासून डावा बांध आणि उजवा बांध. महिन्याभरात साहेबांचे मित्रही म्हणायला लागले, "मिस्त्री, आज लेफ्टचा बांध जरा सॉफ्ट वाटतोय." फळीवरचा माणूस बांधाच्या बाहेरून कापत यायचा, एका बांधावरून उडायचा आणि पलीकडच्या बांधाच्या उतारावर उतरायचा. पंचाईत अशी होती की ही बोट घडवलेली होती स्कीसाठी, म्हणजे पायांना लांब पट्ट्या बांधून पाण्यावरून घसरायच्या खेळासाठी. स्कीवाल्याला मागे सपाट पाणी लागतं, म्हणून तिचा तळच असा की पाणी कमीत कमी उसळावं. "बांध कसला, साय हाय साय," आबा म्हणाले. तिचा जो गुण होता तोच आता खोट ठरला होता, आणि आबांना असल्या गोष्टीचा ताबडतोब नाद लागायचा.

पहिल्यांदा वाळूची पोती टाकली. सगळी मागे टाकली, तर बोटीचं नाक वर गेलं आणि बांधाच्या जागी नुसता फेस उठला. शिवाय पोती पाझरली आणि वाळू पंपात गेली. मग पाण्याचे ड्रम आणले. ते पूर्ण भरेनात, वळणावर आतलं पाणी डुचमळायचं आणि बोट एका अंगावर यायची. शेवटी तोड काढली आईने, जिने बोट उभ्या आयुष्यात दोनदा बघितली होती. ती मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "ट्रकच्या ट्यूबा घ्या की. गच्च भरा पान्यानं, आत वारा ठिवू नका. मी ताडपत्रीच्या खोळी शिवते." तिने तशा खोळी शिवल्या. इंजिनाच्या दोन्ही अंगांना एकेक आणि नाकात एक लहान, म्हणजे नाक खाली राहील. धायरीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून उंच पाइप बसवून घेतला आणि दोरी वरून बांधली, त्यामुळे उडणाऱ्याला वर उचल मिळायला लागली. काटा वीस मैलांवर धरायचा. त्याहून पळवली की बांध बसतो, त्याहून हळू चालवली की फेसाळतो. सगळं जमलं, तरी डावा बांध उजव्यापेक्षा वीतभर ठेंगणा राहायचा, कारण चालवणारा उजवीकडे बसतो. आबांनी डोकं खाजवलं. मग म्हणाले, "मंदे, मागं डाव्या कोपऱ्यात बस बरं." मी जाऊन बसले आणि डावा बांध उठला. असा उठला की काठावरचे दोघेतिघे उभे राहून बघायला लागले. लिमये साहेब फळीवर होते, ते तिथूनच "परफेक्ट, परफेक्ट" ओरडले, आणि धक्क्यावर उतरल्यावर सगळ्यांदेखत त्यांनी मला अतिशय आदराने विचारलं, "अहो, आपलं वजन किती?"

तेव्हापासून माझं काम ठरलं. आपल्याकडे वजन असणं ही केवढी मोठी गोष्ट समजतात. अमक्याचं महापालिकेत वजन आहे, तमक्याचं पक्षात. माझं बोटीत होतं. मागे तोंड करून डाव्या कोपऱ्यात बसायचं, फळीवरच्या माणसावरून नजर हलवायची नाही, तो पडला की हात वर करून ओरडायचं. लिमये साहेब दिवाळीला आंबाबर्फीचा मोठा पुडा घेऊन आले आणि म्हणाले, "विजनवासात जायचं नाही हं मंदाताई, आणि वजनही कमी करायचं नाही." ते स्वतःच्या विनोदावर बराच वेळ हसले. बर्फी रंजूने खाल्ली.

रंजू तेव्हा कोथरूडला कॉम्प्युटरच्या क्लासला जायची. त्या क्लासचे पैसे भरायला आईने बांगड्या मोडल्या होत्या, आणि माझ्या डिप्लोमाच्या वेळी मात्र मीच शिकवण्या घेतल्या होत्या. एका शनिवारी ती सहज म्हणून आमच्याबरोबर तलावावर आली. साहेबांच्या मित्रांनी चेष्टेत तिला फळीवर चढवलं, आणि ती दुसऱ्या खेपेला उभी राहिली. लोक महिना महिना नाकातोंडात पाणी घालवायचे आणि ही दुसऱ्या खेपेला! काठावर टाळ्या पडल्या. वर्षभरात ती डाव्या बांधावरून उडायला लागली, नेहमी डाव्यावरूनच, गुडघे पोटाशी घेऊन, वेणी हवेत. आणि मी तिच्याकडे तोंड करून बसलेली. दुसरीकडे बघायची सोयच नव्हती, माझं कामच तिच्याकडे बघण्याचं. माझ्या वजनाने उठलेल्या बांधावरून ती उडायची आणि लोक म्हणायचे, काय हलकी आहे हो पोरगी. परतताना आबांच्या लूनावर आम्ही तिघे मावत नसू. आबा आणि रंजू लूनावर जायचे, मी बसने. त्या बसमध्ये खिडकीशी बसून मी काय काय विचार करायचे ते लिहायला आजही हात धजत नाही. एक लिहिते. तिने एकदा तरी सगळ्यांसमोर तोंडावर आपटावं, असं मला रोज वाटायचं.

मग आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. उन्हाची तिरीप पाण्यावर पडली की त्यांना आरशात फळीवरचा माणूस दिसेना. लिमये साहेब आपले नेहमीच्या पद्धतीने म्हणाले, "मिस्त्री, आपण आता फक्त देखभाल बघा. दोघींपैकी जी चालवेल तिला आम्ही कायम करू. ठरवायचं आपण." मला ते ठरल्यासारखंच वाटलं. ग्लँड मला कळत होती, सुकाणू मला कळत होतं, धक्क्याला एक ओरखडा न काढता मी बोट लावत होते. मनाने मी त्या खुर्चीत जाऊन बसलेही होते. चार दिवसांनी जेवताना, आई भाकरी थापत असताना, आबा म्हणाले, "सोमवारपास्नं रंजू चालवंल."

"आणि मी?" मी विचारलं.

"तू मागं लागतीस."

रंजूने मान खाली घातली. मी म्हणाले, "डिप्लोमा मी केलाय आबा. हिला नट आणि बोल्टातला फरक कळत नाही. मी काय पोतं आहे का?"

"तुज्यावानी मागं नजर ठिवणारं दुसरं कोन हाय?" आबा म्हणाले. "चालवणारा फुडं बघतो. फळीवरच्याचा जीव मागच्याच्या हातात असतोय. ते मी रंजूवर सोडायचो न्हाय."

आज हे वाक्य लिहिताना मला त्याचा सगळा अर्थ दिसतो. त्या वेळी मी फक्त 'मागं लागतीस' एवढंच ऐकलं. ताट सारलं आणि उठले. आई म्हणाली, "अगं भाकरी तरी संपव," आणि मग, सवयीने, "न्हायतरी तुला एखादी कमीच बरी."

तो रविवार आला. साहेबांच्या कंपनीत भागीदारी करायला अमेरिकेहून दोन पाहुणे आले होते, ते धक्क्यावर खुर्च्या टाकून बसले. रंजू फळीवर दिसणार होती, आबा शेवटचं चालवणार होते आणि दुसऱ्या दिवसापासून ती खुर्ची रंजूची होणार होती. तोल बिघडू नये म्हणून बोटीत आम्ही दोघंच होतो, पुढे आबा आणि मागे मी. दोन फेऱ्या छान झाल्या. दोन्ही बांध सारखे, कडक, वर बारीक पांढरी कड. पहिल्या फेरीत रंजू उडाली तेव्हा पाहुण्यांच्या टाळ्या इंजिनाच्या आवाजातूनही ऐकू आल्या. तिसऱ्या फेरीला ती डावीकडे लांब गेली, दोरी ताणली आणि आत कापायला वळली. तेवढ्यात मी बाकावर उजवीकडे सरकले. हातभर सरकले असेन. विचार करून नव्हे आणि विचार न करताही नव्हे, दोन्ही खोटं होईल. बोट कणभर उजवीकडे कलली. डावा बांध बसला, जिथे कड होती तिथे फेस झाला. रंजू येत होती. मला तिचा चेहरा दिसत होता. दोरी सोडायला तिला वेळ होता, सोडली असती तर नुसती डुबकी बसली असती. तिने सोडली नाही. ती त्या फेसावरून अर्धवट उडाली आणि पलीकडच्या उतारावर उतरण्याऐवजी उजव्या बांधाच्या माथ्यावर खांद्याने आपटली. मी हात वर केला, ओरडले, आणि ओरडता ओरडता परत माझ्या जागेवर सरकले. बहीण पाण्यात पडलेली असताना मी आधी जागेवर सरकले.

आबांनी गॅस देऊन बोट जागच्या जागी वळवली. रंजू पाठीवर तरंगत होती, ओठ पांढरे पडलेले. "ताई, हात नको ओढूस, हात नको," एवढंच म्हणाली. तिच्या गळ्याचं हाड मोडलं होतं. धक्क्यावर पळापळ झाली, साहेबांनी गाडी काढली. त्या गडबडीतही ते म्हणाले, "मिस्त्री, बोट जरा कलल्यासारखी वाटली का हो?" आबा इंजिन बंद करत होते. आमच्या घरात पंचशील फक्त विहारात म्हणायचं नसे. आबांनी आयुष्यात एक खोटं बोललेलं मी ऐकलेलं नव्हतं. ते म्हणाले, "कलली. माजी चूक साहेब. डोळं दगा देत्यात." मग मला त्यांनी हात देऊन बाहेर घेतलं आणि ते मागच्या बाकाकडे वळले. उन्हात बाक कोरडा पडलेला होता. फेरीआधी रंजूला फळी बांधायला पाण्यात उतरल्यामुळे माझे कपडे ओले होते. डाव्या कोपऱ्यात माझ्या बसण्याचा ओला ठसा होता, आणि तिथून हातभर उजवीकडे, बरोबर त्या पाटीखाली, दुसरा. आबांचे डोळे कितीही दगा देत असले तरी तेवढं त्यांना दिसलं. ते उभे राहिले. मी त्यांना असं उभं राहिलेलं एकदाच बघितलं होतं, रानातल्या बांधावर. त्यांनी माझ्याकडे बघितलं, खिशातला फडका काढला आणि दुसरा ठसा पुसून टाकला. माझ्या मनात एकच आलं, आता हे माझ्याशी काकांसारखं वागणार.

पण आबा बोलले. आठवड्यानंतर सकाळी चावी माझ्यासमोर धरून म्हणाले, "चल. साहेबांचं काम अडलंय." रंजूचा हात गळ्यात होता, दुसरं कोण होतं? मला हवी होती ती खुर्ची मला मिळाली. मी त्या खुर्चीत बसले, इंजिन सुरू केलं आणि आरशात बघितलं. मागे डाव्या कोपऱ्यात आबा बसले होते. त्यांचं वजन बावन्न किलो. कमी पडणारं भरून काढायला त्यांनी मांडीवर गव्हाचं पोतं घेतलं होतं आणि दोन्ही हातांनी ते पोटाशी धरलं होतं. मी तोंड उघडलं तेव्हा ते म्हणाले, "वीसवर धर. बांध बसू दिऊ नगं." पुढे सात वर्षं, क्लब बंद पडेपर्यंत, मी बोट चालवली. लोक माझं कौतुक करायचे. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावरही आबा पुढे आले नाहीत, तिथेच बसले, पोतं मांडीवर घेऊन. कोणी विचारलं तर म्हणायचे, "मला हितनं बरं दिसतंय." त्या दिवसाबद्दल ते मला एक शब्द बोलले नाहीत. काकांशी जसं न बोलणं होतं त्यापेक्षा हे मला जड गेलं, कारण बाकी सगळं ते बोलायचे. विहारात चौथं, खोटं न बोलण्याचं शील म्हणायची वेळ आली की माझी जीभ अडखळायची आणि शेजारी आबांचा आवाजही त्याच ठिकाणी खाली जायचा. अपघातानंतरच्या पहिल्या रविवारी आईने नेहमीप्रमाणे नळी रंजूच्या ताटात टाकली. तिला एका हाताने ती आपटता येईना, म्हणून मी आपटून दिली.

आबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. रंजू कोथरूडलाच राहते. कॉम्प्युटरमध्ये ती खूप पुढे गेली, तीन देश बघून आली, फळीवर पुन्हा कधी उभी राहिली नाही. मोठ्या गळ्याचा कुडता घातला की तिच्या गळ्याचं हाड एका बाजूला वर आलेलं दिसतं, आणि मी दुसरीकडे बघते. गेल्या महिन्यात तिच्याकडे गेले होते. तिच्या बाल्कनीत आम्ही मटार सोलत बसलो होतो. तिचा कुडता तसाच होता. काय झालं कोणास ठाऊक, माझ्या तोंडून निघून गेलं. "रंजू, त्या दिवशी मी सरकले होते."

"माहितीये," ती म्हणाली. शेंग सोलणं थांबलं नाही.

"आबांनी सांगितलं?"

"आबा कशाला सांगतील? मला दिसलं की. तू माझ्याकडे तोंड करून बसली होतीस ना? मग मी कुठे बघत होते?" ती हसली. "आधी तू सरकलीस, मग बांध बसला."

इतकी वर्षं मी ज्याला झाकून ठेवलं होतं, ते तिने त्याच क्षणी बघितलं होतं. आणि मला रागच आला, माझा स्वभावच तसा. मी म्हणाले, "अगं मूर्ख, मग दोरी का नाही सोडलीस? वेळ होता तुला!"

रंजूने माझ्या पुढ्यातल्या शेंगा स्वतःकडे ओढून घेतल्या, कारण माझ्याच्याने एकही सोलली जात नव्हती.

"मला वाटलं," ती म्हणाली, "तू परत सरकशील."